दोन घरचा पगार

दौंडमधल्या एका परिचितांच्या घरचा प्रसंग. त्यांच्याकडे सहा वर्षांपासून एक बाई कामाला येतात. धुणीभांडी, झाडलोट, रमजानमध्ये इफ्तारीच्या तयारीला हातभार, असं सगळं त्या करतात. घरातल्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. आधी एक स्थळ जमता जमता मोडलं होतं. ही गोष्ट घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती, तरी ती नव्या स्थळाच्या कानावर गेली आणि तिथून फोन आला. घरात संशयाची सुई पहिल्यांदा बाईंकडे वळली. बोलणी चालू असताना त्या दाराआड फरशी पुसत रेंगाळत होत्या, असं कुणाला तरी आठवलं. कपाटातली कागदपत्रं हलल्यासारखी वाटली होती, असंही दुसऱ्याला आठवलं. धाकट्या मुलाने छुपा कॅमेरा बसवू म्हटलं. आजोबांचं म्हणणं होतं, उद्यापासून येऊ नको सांगा, विषय संपला.

भाभींनी मला फोन केला. "भाई, तुम्ही एवढा इतिहास वाचता. असल्या गोष्टीवर इतिहासात काही आहे का?"

मी म्हटलं, आहे. आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. भीमेच्या अलीकडे तुमचं दौंड, पलीकडे शिरूर. गोष्ट त्या शिरूरच्या छावणीपासून सुरू होते.

घोडनदीकाठच्या शिरूरला इंग्रजांची छावणी कशी आली, हे आधी पाहू. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. तहाप्रमाणे कंपनीने पेशव्याच्या रक्षणासाठी सुमारे सहा हजारांचं पायदळ आणि तोफा ठेवायच्या आणि त्याच्या खर्चासाठी पेशव्याने २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, असं ठरलं. हीच ती तैनाती फौज. तिचा मोठा तळ पुढे शिरूरला पडला.

'तैनात' हा शब्द मुळात चाकरीचा आहे. कागदावर शिरूरची फौज पेशव्याची चाकर होती. त्याच्याच मुलखाच्या पैशावर तिचा पगार निघत होता. पण हुकूम ती पुण्याच्या संगमावर राहणाऱ्या कंपनीच्या रेसिडेंटचा ऐकत होती. घरमालकाच्या पैशाने दारात पहारेकरी बसवावा आणि त्याने रोज रात्री शेजाऱ्याला घरातली हालहवाल सांगावी, तशी ही व्यवस्था होती. भाभींच्या घरातला प्रश्न एवढ्या मोठ्या पटावर मांडला होता आणि पंधरा वर्षं त्याला कुणी तोंडावर प्रश्न म्हटलं नाही.

१८११ पासून रेसिडेंट होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्याच्या आधी हे काम बॅरी क्लोज पाहायचा. क्लोजच्या काळापासून रेसिडेन्सीत एक पारशी गृहस्थ होते, खुश्रूशेट मोदी. पेशव्याचा निरोप रेसिडेंटकडे आणि रेसिडेंटचा निरोप पेशव्याकडे नेणं हे त्यांचं काम. माणूस अतिशय हुशार. साहेब काय बोलतात, कशाने चिडतात, काय लपवतात, हे सगळं त्यांना ठाऊक. पुण्यात नारायण पेठेत त्यांची बाग होती. मोदी बाग आणि मोदी गणपती ही नावं त्यांच्यावरूनच पडली, हे रोज तिथून जाणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं.

अशा माणसाची किंमत बाजीरावाने ओळखली. त्याने खुश्रूशेटना कर्नाटकचं सरसुभेदार केलं. म्हणजे नोकरी रेसिडेंटची आणि सुभेदारी पेशव्याची. बाजीरावाने विकत घेतलं ते काय? सुभ्याचा कारभार बघायला त्याच्याकडे माणसं कमी नव्हती. त्याला रेसिडेन्सीच्या आतलं एक दार हवं होतं.

एल्फिन्स्टनकडे खुश्रूशेटविरुद्ध तक्रार आली ती कुणाकडून? पेशव्याचे कारभारी सदाशिव माणकेश्वर आणि बाजीरावाच्या मर्जीतला त्रिंबकजी डेंगळे यांच्याकडून. एल्फिन्स्टनने त्या वेळी एक गोष्ट बरोबर केली. त्याने खुश्रूशेटपुढे पर्याय ठेवला, की दोन्हीपैकी एक जागा ठेवा. खुश्रूशेटनी सुभेदारी सोडली. ती रिकामी जागा मिळाली कुणाला? त्रिंबकजीला.

या ठिकाणी जरा थांबायला हवं. चुगली खरीही असू शकते. खुश्रूशेट खरोखरच दोन दगडांवर पाय ठेवून होते. पण चुगली आणणाऱ्याच्या हाती शेवटी काय पडलं, हे बघितल्याशिवाय तिचं वजन कळत नाही. आपल्या घरातही "तुमची बाई असं सांगत होती" हे सांगणारी व्यक्ती कोण आहे आणि ती बाई गेली तर कुणाचं भलं होणार आहे, हे आधी विचारावं.

एल्फिन्स्टनने यानंतर पेशव्याशी थेट बोलायला सुरुवात केली. खुश्रूशेट पदावर राहिले, पण त्यांचं महत्त्व संपलं. ज्याला काढायचं नाही आणि ज्याच्यावर विश्वासही ठेवायचा नाही, असा माणूस घरात ठेवला की काय होतं? ग्रँट डफच्या इतिहासानुसार, दुखावलेले खुश्रूशेट ज्याने आपली जागा घेतली त्याच त्रिंबकजीच्या गोटातल्या कारस्थानांत सामील झाले. ते उघड झाल्यावर त्यांनी पुणे सोडून गुजरातेत जावं, असं ठरलं. निघण्याआधीच १८१५ मध्ये त्यांचा विषाने मृत्यू झाला. विष त्यांनी स्वतः घेतलं की दुसऱ्या कुणी दिलं, याचा निकाल कधीच लागला नाही.

त्याच वर्षी बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला, २० जुलै १८१५ रोजी. गायकवाड आणि पेशवे यांच्यातल्या जुन्या हिशेबासाठी ते इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले होते. शास्त्रीही आधी बडोद्याच्या रेसिडेंटकडे कामाला होते आणि मग गायकवाडांच्या दरबारात वर चढले होते. म्हणजे पुन्हा तेच, एक पाय या घरात आणि दुसरा त्या घरात. खुनाचा आरोप त्रिंबकजीवर आला. एल्फिन्स्टनने फौजेचा दाब आणून त्याला मागितलं. बाजीरावाने आधी त्याला वसंतगडावर ठेवलं आणि मग सप्टेंबर १८१५ मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन केलं. त्रिंबकजीची रवानगी ठाण्याच्या किल्ल्यात झाली.

हा त्रिंबकजी मुळात कोण? जासूद. १८०२ मध्ये बाजीराव होळकरांच्या भीतीने महाडला असताना, पुण्याला पत्र पोचवून फार थोड्या वेळात उत्तर घेऊन आला, तिथे त्याचं नशीब उघडलं. कागद पोचवणारा माणूस बारा वर्षांत पेशवाईचा सर्वांत ताकदवान कारभारी झाला. बातमीवर ज्यांचं घर चालतं, त्यांच्याकडे बातमी आणणाराच मोठा होतो.

ठाण्याच्या किल्ल्यात इंग्रजांनी फार काळजी घेतली. पहाऱ्यावर हिंदी शिपाई ठेवला तर तो फितेल, म्हणून सगळा पहारा गोऱ्या सोल्जरांचा ठेवला. संशय पूर्ण होता, बंदोबस्तही पूर्ण होता. पण किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार चाकरीला होता. तो साहेबाचा घोडा फिरवायला त्रिंबकजीच्या खिडकीखालून जायचा आणि जाता जाता गाणं म्हणायचा. गोऱ्या पहारेकऱ्यांना वाटायचं, काम करता करता गातोय बिचारा. त्या गाण्यातून तो त्रिंबकजीला बाहेरच्या साथीदारांचा निरोप देत होता. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी किल्ल्यातून निसटला. बिशप हिबर पुढे या भागातून गेला तेव्हा त्याने ही कथा ऐकली आणि त्या गाण्याला इंग्रजी पद्याचं रूपही दिलं.

मला या साऱ्या इतिहासात हा मोतद्दार सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. साहेबाने संशय घेतला तो शिपायांवर, कारण शिपाई त्याला 'दिसत' होते. घोडा फिरवणारा त्याच्या लेखी माणूस नव्हता, घोड्याचा एक भाग होता. त्याची भाषा शिकावी, तो काय गातो ते विचारावं, असं कुणाला वाटलं नाही. ग्रँट डफने गोष्ट सविस्तर सांगितली, पण मोतद्दाराचं नाव दिलेलं नाही. ज्याने हेर म्हणून एवढं मोठं काम केलं, त्याचं नाव ना मालकाला लक्षात राहिलं, ना इतिहासकाराला.

आपल्याकडेही बऱ्याच घरांत सहा-सहा वर्षं काम करणाऱ्या बाईंचं आडनाव, गाव, मुलं किती, हे विचारलं जात नाही. तिच्यासमोर पैसे, आजार, भांडण, लग्न सगळं बोललं जातं, जणू तिला कानच नाहीत. आणि एक दिवस अचानक आपल्याला वाटतं की तिला फार मोठे कान आहेत.

पेशव्याच्या बाजूलाही हेच चाललं होतं. बाजीराव रेसिडेन्सीतला माणूस फोडत होता, तेव्हा रेसिडेन्सी बाजीरावाचा दरबार फोडत होती. बाळाजीपंत नातू एल्फिन्स्टनला बातम्या पुरवत होते. १८१७ मध्ये बाजीरावाने कंपनीच्या फौजेत फितुरी पेरण्याचा घाट घातला, तो एल्फिन्स्टनला आधीच कळला. सांगणाऱ्यांत नातू आणि यशवंतराव घोरपडे ही नावं येतात. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. संगमावरची रेसिडेन्सी जळाली, त्यात एल्फिन्स्टनची पुस्तकं आणि कागदपत्रंही गेली. ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला पेशव्याच्या फौजेशी तिची गाठ पडली. ती लढाई वेगळ्या कारणांनी आणि वेगळ्या अभिमानाने स्मरली जाते, तो विषय स्वतंत्र आहे. इथे एवढंच बघायचं, की पेशव्याच्या पैशावर ठेवलेल्या छावणीतून त्याच्याच विरुद्ध फौज निघाली. १८१८ मध्ये पेशवाई संपली. त्रिंबकजी पुन्हा पकडला गेला आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेत राहिला.

हा सगळा इतिहास वाचताना मी जात-धर्माचा हिशेब मांडून पाहिला. मोदी पारशी, नातू आणि शास्त्री ब्राह्मण, घोरपडे, डेंगळे आणि तो मोतद्दार मराठा, विकत घेणारे इंग्रज आणि पेशवे. बातमी विकणं किंवा बातमी विकत घेणं हे कुण्या एका समाजाच्या रक्तात नसतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण काही वस्त्यांमध्ये आज कामाला बाई किंवा ड्रायव्हर ठेवताना आधी नाव विचारतात आणि नाव ऐकून दार लावतात. आमच्या बायकांनी टिकली लावून, दुसरं नाव सांगून काम मिळवल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. आणि खरं बोलायचं तर आपल्याही घरात "ते लोक तसलेच" असं म्हणत कुणाची तरी पिशवी तपासली जाते.

यावर आपल्या दीनमध्ये फार स्पष्ट शिकवण आहे. सूरह निसामध्ये एका चोरीच्या संदर्भातल्या आयती आहेत. तफसीरकार सांगतात, की चिलखत चोरलं एका मुसलमान म्हणवणाऱ्याने आणि आळ आला एका यहुद्यावर. चोराच्या कबिल्याने आपल्या माणसाची बाजू घेतली. वही आली ती त्या यहुद्याला निर्दोष ठरवणारी. आपला म्हणून पाठीशी घालू नका आणि परका म्हणून आळ घेऊ नका, हा त्याचा सरळ अर्थ.

सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत तीन गोष्टींची मनाई एकापाठोपाठ एक येते. आधी बदगुमानी, मग तजस्सुस म्हणजे पाळत, मग गीबत. हा क्रम नीट पाहा. संशय आला की माणूस पाळत ठेवतो, पाळतीत काही अर्धवट सापडलं की ते शेजारी जाऊन सांगतो. भाभींच्या घरी पहिली पायरी झाली होती आणि कॅमेऱ्याच्या रूपाने दुसरीची तयारी चालली होती. डोकावणाऱ्याला पकडण्यासाठी आपण स्वतः डोकावू लागतो. हजरत उमर यांची एक कथा सांगितली जाते, की ते रात्री एका घराची भिंत चढून आत गेले आणि आतल्या माणसाला गुन्हा करताना पकडलं. त्या माणसाने उत्तर दिलं, माझी चूक एक, तुमच्या तीन. तुम्ही पाळत ठेवली, दारातून आला नाहीत आणि सलाम केला नाहीत. उमर परत फिरले.

मग विश्वास खरंच मोडला असेल तर? त्याचंही उदाहरण आहे. फतह मक्काच्या आधी मोहीम गुप्त ठेवली होती. हातिब बिन अबी बल्तआ या सहाबींनी मक्केच्या कुरैशांना पत्र लिहून एका बाईच्या हाती पाठवलं. पत्र वाटेत पकडलं गेलं. ही फौजेच्या गुपिताची फितुरी होती, लग्नाच्या बोलण्यांची नव्हे. उमर म्हणाले, याची मान उडवतो. पैगंबर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी आधी हातिबना विचारलं, हे काय आहे? हातिब म्हणाले, माझं कुटुंब मक्केत आहे, तिथे त्यांना सांभाळणारं माझं कुणी नाही, उपकार करून ठेवावा असं वाटलं. त्यांचं म्हणणं खरं मानलं गेलं, बद्रच्या लढाईतली त्यांची जुनी साथ आठवली गेली आणि त्यांना जीवदान मिळालं. कृत्य चांगलं ठरलं नाही, कुरआनने त्यावर ताकीद दिली. पण माणसाला विचारलं गेलं, त्याचं ऐकलं गेलं आणि एका चुकीपुढे त्याची सगळी हयात पुसली गेली नाही.

एल्फिन्स्टन आणि खुश्रूशेट यांच्यात हेच घडलं नाही, असं मला वाटतं. अटी स्पष्ट व्हायला उशीर झाला. पहिल्या दिवशीच "माझ्याकडे आहेस तोवर दुसरीकडची जागा घ्यायची नाही" असं ठरायला हवं होतं. संशय आल्यावर पर्याय दिला हे चांगलं, पण त्यानंतर माणसाला ना पुरतं ठेवलं, ना सन्मानाने सोडलं. आणि मोठी गोष्ट म्हणजे, जो दुसऱ्याच्या घरातली माणसं फोडतो त्याला आपल्या माणसांवर शांतपणे विश्वास ठेवता येत नाही. पुण्यात त्या काळी दोन्ही वाड्यांची तीच अवस्था होती.

शिरूरला याच्या उलट एक आठवण आहे. तिथल्या छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला. त्याच्या थडग्याला आसपासचे लोक 'सत्पुरुष' म्हणून मानत आणि पीक आलं की नैवेद्य दाखवत, असं पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलं आहे. परक्या फौजेचा, परक्या धर्माचा अधिकारी. त्याच छावणीच्या कथेत एका बाजूला एवढी फसवणूक आणि दुसऱ्या बाजूला हा भरोसा. लोक माणसाला माणसाच्या वागण्यावरून तोलतात.

भाभींना मी एवढंच सांगितलं. कॅमेरा नको, पिशवी तपासणं नको, टेबलावर नोट ठेवून परीक्षा घेणं नको. बाईंना बसवा, चहा द्या, बाकी कुणी नसताना एकच गोष्ट थेट विचारा. उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. काढायचंच ठरलं तर महिन्याचा पूर्ण पगार द्या आणि गल्लीत एक शब्द काढू नका, कारण तिची पुढची सगळी कामं तिच्या नावावर चालतात.

चार दिवसांनी फोन आला. बाईंनी कबूल केलं होतं. त्या आणखी एका घरी कामाला जातात, तिथल्या बाई रोज विचारतात, काय चाललंय तिकडे? त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि तिथून ते पुढे पोचलं. कपाटाला त्यांनी हात लावला नव्हता. ते आजोबांनीच चष्मा शोधताना विस्कटलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "भाभी, तुम्हीपण विचारता ना, त्यांच्याकडे आज काय भांडण झालं म्हणून. तेव्हा सांगितलं तर तुम्ही हसता."

भाभी फोनवर थोडा वेळ गप्प होत्या. मीही गप्प. खुश्रूशेट, नातू, शास्त्री, दोन्हीकडचे वाडे, सगळं त्या एका वाक्यात आलं होतं. कुरकुंभ आणि रांजणगावच्या एमआयडीसीमुळे आज दौंड-शिरूरकडे नवरा-बायको दोघं नोकरीला जाणारी घरं वाढली आहेत आणि एक बाई चार-पाच घरांच्या किल्ल्या सांभाळते. तिच्याकडून आपण धुण्याभांड्याचा पगार देऊन शेजारच्या घरची बातमीही घेत असू, तर आपणही तिला दुसऱ्या नोकरीवर ठेवलेलं आहे. तो पगार आपण चहाने आणि हसण्याने देतो.

बाई अजून त्यांच्याकडेच आहेत. भरोसा लगेच परत आला नाही, येतही नाही. लग्नाची बोलणी आता आतल्या खोलीत होतात. पण दोन अटी ठरल्या. या घरातलं बाहेर सांगायचं नाही, ही बाईंसाठी. बाहेरचं या घरात विचारायचं नाही, ही भाभींसाठी. भाभी म्हणाल्या, दुसरी पाळणं जास्त अवघड जातंय.